जोखमी हुंडी ते सूनबाईचे पापड : व्यापाऱ्याच्या विम्याची गोष्ट



मागच्या महिन्यात आमच्या सूनबाईने एक छापील अर्ज माझ्यासमोर ठेवला. घराच्या मागच्या खोलीत तिचा पापड, शेवया, खाखरे आणि कोरड्या चटण्यांचा उद्योग चार वर्षांपासून चालू आहे. दोन बाया मदतीला येतात. रिसोडातून वाशीमला, अकोल्याला डबे जातात. आता पापडाचं मोठं यंत्र घ्यायचं म्हणून तिने बँकेतून दोन लाखांचं मुद्रा कर्ज काढलं, आणि त्यासोबत हा विम्याचा अर्ज आला.

"आई, बँकेतले साहेब म्हणाले, कर्जाएवढ्याच रकमेचा विमा करून टाका. करू का सही?"

मी म्हटलं, "थांब."

का थांबवलं त्याचं कारण आमच्याच घरातलं आहे, ते पुढे सांगते. पण त्या संध्याकाळी तिला समजावता समजावता मी बरीच मागे गेले. विमा ही आपण साहेबाकडून शिकलेली गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. तसं नाही. आपल्या व्यापारी पूर्वजांना ती चांगली ठाऊक होती.

शब्दच बघा. 'विमा' हा फारसीतून आला. 'बीम' म्हणजे भय. ज्या गोष्टीचं भय आहे तिची आधी केलेली तजवीज म्हणजे विमा. सतराव्या शतकात सुरत, अहमदाबाद, आग्रा इथले सराफ पैसे घेऊन दुसऱ्याच्या मालाची जोखीम पत्करत असत. वाटेत दरोडा, नदीला पूर, समुद्रात वादळ. माल पोचला नाही तर नुकसान सराफ भरून देई. रस्ता जितका धोक्याचा, तितका दर जास्त. आजचा हप्ता याहून वेगळा तो काय!

आणि जोखमी हुंडी तर फार हुशारीची. साधी हुंडी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पेढीवर पाहिलेल्या मैत्रिणी अजून असतील. जोखमी हुंडीचं काम असं चाले. समजा मुंबईच्या व्यापाऱ्याने गलबतात माल भरून कराचीच्या व्यापाऱ्याकडे पाठवला. त्या मालावर त्याने हुंडी लिहिली आणि ती एका सराफाला विकून पैसे लगेच घेतले. सराफाने पैसे थोडे कापून दिले. गलबत सुखरूप लागलं, तर कराचीचा व्यापारी हुंडीचे पूर्ण पैसे सराफाच्या माणसाला देणार. गलबत बुडालं, तर हुंडी बुडाली, आणि सराफाने कुणाकडेही काही मागायचं नाही. म्हणजे त्या कापून घेतलेल्या रकमेत व्याजही आलं आणि विम्याचा हप्ताही आला. एका चिठ्ठीत कर्ज आणि विमा दोन्ही! अशा हुंड्यांचे वाद पुढे इंग्रजांच्या काळात मुंबईच्या हायकोर्टातही गेले, इतकी ती रुळलेली पद्धत होती.

पण हे सगळ्यांना साधत नसे. आपले कविवर्य बनारसीदास घ्या. 'समयसार नाटक' लिहिणारे हे जौहरी घराण्यातले गृहस्थ. त्यांनी १६४१ मध्ये 'अर्धकथानक' नावाने स्वतःचं चरित्र लिहिलं, त्यात धंद्यातली फजिती मुळीच लपवलेली नाही. वडिलांनी जवाहीर, तूप, तेल आणि कापड देऊन त्यांना आग्र्याला विकायला पाठवलं. काही जवाहीर निष्काळजीपणे हरवलं, बाजाराची समज नव्हती, माल नीट गेला नाही आणि भांडवल संपलं. शेवटी एका कचोरीवाल्याकडे महिनोन् महिने उधारीवर कचोऱ्या खाऊन दिवस काढले. त्या कचोरीवाल्याचा उल्लेख त्यांनी किती कृतज्ञतेने केला आहे!

मी सूनबाईला विचारलं, "यातलं कोणतं नुकसान विम्यात बसलं असतं, सांग." ती म्हणाली, "हरवलेलं जवाहीर, कदाचित." मी म्हटलं, "चोरी झाली असती तर बसलं असतं. स्वतःच्या हातून गहाळ झालं तर बहुधा नाही. आणि माल विकला गेला नाही, भाव मिळाला नाही, याला तर कुठलाच साधा विमा नाही." विमा अपघाताचा असतो, धंद्यातल्या अंदाजाचा नसतो. हे ज्याला कळलं त्याला निम्मा विमा कळला.

आपल्या वऱ्हाडाने हा फरक मोठ्या प्रमाणात पाहिला आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशांचा पूर वाहिला. त्या काळचे सर्वांत मोठे सटोडिये शेठ प्रेमचंद रायचंद, आपलेच जैन. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, बँका बुडाल्या, आणि प्रेमचंद शेठही रस्त्यावर आल्यासारखे झाले. पुढे ते सावरले. मुंबई विद्यापीठातला राजाबाई टॉवर त्यांनी आईच्या नावाने दिलेल्या पैशातून उभा राहिला आणि १८७८ मध्ये पूर्ण झाला. राजाबाईंची दृष्टी गेली होती, घड्याळाचे टोले ऐकून सूर्यास्ताआधी जेवता यावं म्हणून टॉवर बांधला, असं आपल्याकडे सांगतात. पण १८६५ च्या त्या नुकसानीला जगातल्या कुठल्याही कंपनीने पॉलिसी दिली नसती. भावाचा खेळ ही ज्याची त्याची जबाबदारी.

युद्ध संपलं तरी कापूस राहिला. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. गावोगावी जिनिंग आणि प्रेसिंग सुरू झाल्या. कापूस म्हणजे आगीचं माहेरघर. एक ठिणगी आणि वर्षभराची खरेदी राख. वखारीत माल ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला आगीचा विमा हवाच झाला. तो विकत होत्या बहुतेक विलायती कंपन्या. आयुर्विम्यात तर परदेशी कंपन्या हिंदी माणसाकडून जादा हप्ता घेत. हा भेद मोडायला १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल निघाली, १८७४ मध्ये ओरिएंटल आली. आग आणि समुद्री मालाच्या विम्यात मोठं देशी पाऊल १९१९ चं, सर दोराबजी टाटांनी मुंबईत काढलेली न्यू इंडिया ॲश्युरन्स. १९३८ मध्ये विम्याचा सर्वंकष कायदा झाला.

आता ती घटना, जी प्रत्येक धंदेवाल्या बाईने माहीत करून घ्यावी. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा, कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी आणि सोन्याच्या विटा. दुपारी कापसाने पेट घेतला. चार वाजून गेल्यावर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसं गेली, त्यात ६६ अग्निशमन जवान होते. त्यांच्याच स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निसुरक्षा सप्ताह पाळतात. जवळच्या गोदामांतलं हजारो टन धान्य जळालं, वखारी, दुकानं, घरं गेली. सोन्याची एक वीट लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली, आणि त्यांनी ती सरकारला परत केली.

ज्यांच्या वखारी गेल्या त्यातल्या कितीतरी व्यापाऱ्यांकडे आगीची पॉलिसी होती. आता त्यांनी पॉलिसीचा कागद काढून वाचला. त्या काळच्या साध्या आगीच्या पॉलिसीत स्फोटाने झालेलं नुकसान धरलेलं नसे. मग माझी वखार आगीने गेली की स्फोटाने? आधी स्फोट झाला आणि मग आग लागली, तर काय धरायचं? शिवाय युद्ध चालू होतं. लढाईच्या धोक्यासाठी १९४० पासून मालाचा वेगळा सरकारी विमा होता, पण हा तर शत्रूचा हल्लाही नव्हता. असा तिढा पडला. शेवटी सरकारने वटहुकूम काढून भरपाईची जबाबदारी स्वतःवर घेतली, म्हणून लोक वाचले.

मैत्रिणींनो, त्या वेळी सरकार धावून आलं कारण अर्धी मुंबई हादरली होती. आपल्या मागच्या खोलीतल्या स्फोटाला कोण वटहुकूम काढणार? म्हणून पॉलिसीत काय आहे यापेक्षा काय नाही, ते आधी वाचायचं. त्या पानावर अक्षरं बारीक असतात. चष्मा लावायचा आणि वाचायचं.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारकडे गेला, एलआयसी झाली. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमाही राष्ट्रीयीकृत झाला, १०७ कंपन्या मिळून नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया अशा चार झाल्या. १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण आलं आणि खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडलं. तरी या सगळ्यात लहान दुकानदाराचा, घरी उद्योग करणाऱ्या बाईचा वेगळा विचार फारसा झाला नव्हता.

आता आमच्या घरची गोष्ट.

मी अकोल्याला बी.कॉम. केलं. आम्हाला हिशेबशास्त्रात एक प्रकरण होतं, विमा दाव्यांचे हिशेब. आग लागली, अमुक माल जळाला, तमुक वाचला, विमा इतक्याचा, तर कंपनी किती देईल? त्यात एक 'सरासरी कलम' असे. मला ते उदाहरण पाठ होतं, परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले. लग्न होऊन रिसोडला आले. सासऱ्यांचं कापडाचं दुकान. दुकानाचे कागद पुरुष बघत, मी घर बघत होते. दुकानाला विमा आहे एवढं ऐकून होते, आणि बरं वाटायचं.

१९९४ च्या उन्हाळ्यात रात्री तारेला तार लागून दुकानाला आग लागली. शेजाऱ्यांनी धावून येऊन विझवली, म्हणून निम्म्याहून जास्त माल वाचला. दीड लाखाचा माल गेला. हे म्हणाले, "काळजी नको, दोन लाखांचा विमा आहे." सासूबाईंनी देवासमोर दिवा लावला. आम्हाला वाटलं, दीड लाख मिळतील.

सर्व्हेअर आला, वह्या पाहिल्या. दुकानात आगीच्या दिवशी पाच लाखांचा माल होता. विमा दोन लाखांचा. दोन भागिले पाच, गुणिले दीड लाख. साठ हजार.

मी आतल्या खोलीतून ऐकत होते. ते गणित मी परीक्षेत सोडवलं होतं. नियम साधा आहे. पाच लाखांच्या मालाचा हप्ता भरायचा तो दोन लाखांचाच भरला, तर उरलेल्या तीन लाखांची जोखीम आपणच घेतली. मग जळालेल्या प्रत्येक रुपयात साठ पैसे आपले. कंपनीने लबाडी केली नाही. विमा दोन लाखांचा का होता? कारण फार वर्षांपूर्वी दुकानाला बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा दोन लाखांची होती, तेव्हा बँकेने तेवढ्याचा विमा उतरवला. दरवर्षी खात्यातून हप्ता जात राहिला, माल वाढत गेला, आकडा कुणी बदलला नाही. आणि ते साठ हजारही आधी बँकेच्या खात्यात जमा झाले, कारण माल बँकेकडे तारण होता. बँकेचा विमा बँकेचं कर्ज वाचवायला असतो, आपलं दुकान वाचवायला नाही. त्या वर्षी माझ्या आणि सासूबाईंच्या पाटल्या मोडल्या.

दोष कुणाला द्यायचा? मला ते गणित येत होतं आणि मी कधी कागद मागितला नाही. याचं दुःख मला पाटल्यांपेक्षा जास्त आहे.

म्हणून सूनबाईला थांबवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी वही घेऊन मागच्या खोलीत बसलो. यंत्रं आज नवी घ्यायची झाली तर किती? २ लाख ९० हजार. उडीद डाळ, पापडखार, रवा, मसाले आणि तयार माल? आज थोडा होता, पण आम्ही दिवाळीआधीचा आकडा धरला, कारण आग मुहूर्त बघून लागत नाही. १ लाख ५५ हजार. डबे, पिशव्या, टेबलं, ट्रे मिळून २५ हजार. बेरीज ४ लाख ७० हजार. आणि बँक सांगत होती दोन लाख.

मोजताना सूनबाई हसून म्हणाली, "आई, हे तर परिग्रह-परिमाणासारखंच झालं." खरंच की! व्रत घेताना आपण शेत-घर, सोनं-चांदी, धन-धान्य, कपडे-भांडी अशी यादी करतो आणि मर्यादा बांधतो. मर्यादा बांधायची तर आधी आपल्याकडे काय आहे ते खरं खरं मोजावं लागतं. कमी सांगून चालत नाही, वाढवून सांगून चालत नाही. विम्याचंही तेच आहे. कमी सांगितलं तर सरासरी कलम कापतं. जास्त सांगितलं तर हप्ता फुकट जातो, कारण नुकसानीपेक्षा जास्त कधीच मिळत नाही. आणि अर्जात लपवाछपवी केली तर दावाच नाकारला जातो. काहीजणी म्हणतात, विमा म्हणजे कर्मावर अविश्वास. मला तसं वाटत नाही. दाराला कुलूप लावतो तेव्हा आपण कर्मसिद्धांत मोडत नाही. कुणाचं देणं बुडू नये, मदतीला येणाऱ्या बायांचा पगार थांबू नये, ही गृहस्थाची जबाबदारीच आहे.

आता निवड. आम्ही जे ठरवलं ते सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल.

घराचा विमा आहे म्हणून घरातला धंदा त्यात आला असं समजू नका. घराची पॉलिसी संसाराच्या सामानासाठी असते, विक्रीच्या मालासाठी नाही. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित पॉलिसी सर्व कंपन्यांना द्याव्या लागतात. घरासाठी 'भारत गृह रक्षा', आणि एका जागेवर पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या लहान धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. या दुसरीत आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल आहे, आणि स्फोटही आहे. १९४४ चा धडा इथे कामी आला म्हणायचं. विम्याची रक्कम खऱ्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी राहिली तर कापाकापी होत नाही. एवढी सवलत आम्हाला १९९४ मध्ये असती तरी पुरली नसती, म्हणून आकडा खराच लिहायचा.

चोरीचं मात्र नीट बघा. या पॉलिसीत आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी धरतात. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. धंदा बंद पडून बुडालेला नफाही यात नाही, तो वेगळा मागावा लागतो.

खाण्याचे पदार्थ विकणारीने अजून एक विचार करावा. आपल्या मालाने कुणाला बाधा झाली आणि दावा लागला तर? त्यासाठी उत्पादनाच्या जबाबदारीचा विमा असतो. सूनबाईने तो सध्या घेतला नाही, ऑर्डरी वाढल्या की घेणार आहे. हा निर्णय तिचा, मी फक्त विचारायला लावलं. यंत्रात बाईचा हात सापडला तर मालकाची जबाबदारी येते हेही तिला दाखवलं, तो विमा तिने घेतला.

आणि सर्वांत मोठं यंत्र म्हणजे ती स्वतः. नोकरीवाल्याला आजारपणात पगार चालू राहतो, स्वतःचा उद्योग करणारीचा हात थांबला की पैसा थांबतो. तिचा आरोग्य विमा आम्ही आधीच काढला होता. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयाच्या कुणालाही बँक खात्यातून घेता येते. मदतीच्या दोघी बायांचीही आम्ही करून दिली. वर्षाचे चाळीस रुपये, तेवढेही कुणी भरले नसते.

बँकेत सूनबाई एकटीच गेली. म्हणाली, "विमा ४ लाख ७० हजारांचाच हवा, आणि पॉलिसीची पूर्ण प्रत मला हवी." साहेबांनी काही अडवलं नाही. दोन लाखांच्या आणि या हप्त्यात वर्षाला काही शेकड्यांचाच फरक निघाला. बँक आपल्या मर्जीच्या कंपनीकडूनच विमा घ्या अशी सक्ती करू शकत नाही, हेही लक्षात ठेवा. दावा अडला तर विमा लोकपाल आहेत, तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत.

पॉलिसीची प्रत आता देवघराशेजारच्या कपाटात आहे, आणि तिच्यासोबत ती वहीही. दरवर्षी दिवाळीला पाडव्याच्या वहीपूजनाआधी दोघींनी बसून यादी पुन्हा मोजायची असं ठरलं आहे.

तुम्हीही एक करा. आज घरातल्या दुकानाची, उद्योगाची पॉलिसी मागून घ्या. 'तुला काय कळतं त्यातलं' असं कुणी म्हणालं, तर दोन भागिले पाच, गुणिले दीड लाख हे गणित त्यांना घालून बघा.